सोयऱ्यांच्या बारवेतले किडे

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या. मी एकदा सांगायला लागलो की मधे कुणी दात काढलेले मला चालत नाहीत.

आमच्या सोयऱ्यांकडं हा किस्सा दर लग्नात निघतो आणि दर लग्नात चुकीचा सांगतात. म्हणे, मास्तरची भर मांडवात फजिती झाली! अहो, मांडव पडलाच नव्हता तेव्हा! म्हणून म्हटलं, फजिती आपली आहे तर आपणच सांगावी आणि नीट सांगावी. फजिती झाली, कबूल. पण चूक माझी होती? मुळीच नाही. तेव्हा म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. तो चहा जरा इकडं सरकवा.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी परभणीत एका शाळेत हिशेब शिकवायचो. शाळा उर्दूतली. घरी मराठी बोलणारी आमची पोरं शाळेत बेरजेला जमा म्हणायची, वजाबाकीला तफरीक. गाव माझं पिंगळी स्टेशनपासून थोडं आत. शुक्रवारी जुम्म्याची सुट्टी असायची, म्हणून गुरुवारी दुपारी शाळा सुटली की मी गाडी पकडून गावाकडं.

त्या साली हैदराबादहून शाळेत एक लाकडी पेटी आली. आत पितळेची खुर्दबीन. तुम्ही मायक्रोस्कोप म्हणता, आम्ही खुर्दबीन म्हणायचो. तिची किल्ली असायची सायन्सच्या सिद्दीकी साहेबांच्या शेरवानीच्या खिशात. माणूस मोठा दिलदार, पण त्या पेटीला कुणी हात लावला की चेहरा असा व्हायचा की जणू त्यांच्याच कानाला हात लावला.

एक दिवस त्यांनी मला ती दाखवली. कांद्याच्या पाकळीवरचा पातळ पापुद्रा काढला, काचेच्या पट्टीवर ठेवला, त्यावर पाण्याचा एक थेंब, थेंबावर नखाएवढी पातळ काच. खालचा आरसा उजेडाकडं वळवला. म्हणाले, "देखो, मास्टर."

एक डोळा मिटून बघतो तर काय, विटांची भिंत! कांद्यात! जन्मभर खाल्लेल्या कांद्यात कुणीतरी गवंडीकाम करून ठेवलं होतं आणि मला पत्ता नाही!

"हे होतं कसं?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगतो. खुर्दबिनीत दोन भिंगं. खालचं भिंग वस्तू मोठी करतं. वरचं भिंग त्या मोठ्या झालेल्या वस्तूला आणखी मोठी करतं. गावातली बातमी जाते ना, एक तोंड दुप्पट करतं आणि दुसरं तोंड त्या दुप्पटीची चौपट करतं, तसंच. आणि गंमत म्हणजे बातमीसारखंच सगळं उलटंही दिसतं. काच डावीकडं सरकवा, आतली वस्तू उजवीकडं पळणार.

बोलता बोलता साहेब म्हणाले, "बावली का पानी देखना चाहिए इस में. नारू उसी से होता."

नारू माहीत आहे ना? पायातून निघणारी ती दोऱ्यासारखी अळी. माझ्या वडिलांच्या पोटरीतून निघाली होती. काडीला गुंडाळून रोज थोडी थोडी ओढायचे. एक दिवस मधेच तुटली. पाय सुजला, पिकला, आणि धडधाकट माणूस जन्माचा लंगडा झाला. आम्ही सगळ्यांनी ते नशिबाच्या खात्यात टाकलं होतं. आणि हा माणूस म्हणत होता, बारवेच्या पाण्यात एक बारीक एकडोळ्या किडा असतो, त्याच्या पोटात नारूचं पिल्लू असतं, पाण्याबरोबर तो गिळला की झालं.

"मग इलाज?"

"कपडे से छान के पीना. बस."

बस! एक फडकं! माझ्या बापाचा पाय एका फडक्याच्या अभावी गेला! तुम्हीच सांगा, डोकं फिरेल की नाही माणसाचं? माझं तर फिरलंच. आणि पुढचं सगळं त्या फिरलेल्या डोक्यानं केलं हे ध्यानात ठेवा.

आता नेमकं त्याच वेळी माझ्या धाकट्या बहिणीचं, गिरजाचं लग्न ठरलं होतं. सुपारी फुटली होती. मुलगा शांत, घर खातंपितं. गाव पोखर्णीच्या अलीकडं. नाव सांगत नाही, सोयरे आहेत. मुलाचे वडील विरभद्रअप्पा, गावातले मोठे दुकानदार, आवाज असा की बोलले तरी लिलाव चाललाय वाटावं. आणि त्यांच्या घराला लागूनच बारव! पायऱ्या उतरायच्या, घागर बुडवायची, वर यायचं. आमच्या गावात पाणी कोसभर लांब. गिरजानं मुलाचं नावसुद्धा विचारलं नव्हतं, बारव घरापासून किती लांब एवढंच विचारलं होतं.

पण मी सुपारीच्या दिवशी त्या गावात दोघांच्या पोटरीला चिंध्या बांधलेल्या बघितल्या होत्या. तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता झोप उडाली.

"साहेब, खुर्दबीन दोन दिवस द्या," मी म्हणालो.

"पागल हो गए क्या?"

"बहिणीच्या जिवाचा प्रश्न आहे."

साहेबांनी खिशातली किल्ली काढली, परत ठेवली, परत काढली. मग किल्लीसकट पेटी माझ्या हातात दिली. "शनिवार को मेज पे होना. सोमवार को मोहतमीम साहब का दौरा है." मोहतमीम म्हणजे शाळा तपासायला येणारे बडे अंमलदार.

"शनिवारी सकाळी," मी म्हटलं.

शुक्रवारी सकाळीच बैलगाडी करून विरभद्रअप्पांच्या दारात हजर. पेटी मांडीवर धरून ठेवली होती, हादरा लागू नये म्हणून. अंग आंबून गेलं, पण पेटीला धक्का नाही.

आमच्या लोकांत आंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात काही घालत नाहीत. त्यांनी पाणी काढून दिलं, मी आंघोळ केली, पूजा केली, कपाळभर भस्माचे तीन जाड पट्टे ओढले आणि ओट्यावर उजेडात खुर्दबीन मांडली.

"मास्तर, ह्ये काय घेऊन आलाव?" विरभद्रअप्पा.

"खुर्दबीन. तुमच्या बारवेचं पाणी बघायचंय."

"बघायचंय? आमच्यात पानी पित असतेत, मास्तर!"

मी लक्ष दिलं नाही. तांब्यातून थेंब घेतला, काचेवर टाकला. मला लांबचं दिसत नाही, म्हणून जवळजवळ नाक टेकवून, श्वास रोखून, वरची पातळ काच हळूच ठेवली. काचा आणलेल्या मोजक्या, एखादी फुटली तर सिद्दीकी साहेब माझं भिंग करून घेतील! मग पट्टी खुर्दबिनीखाली सरकवली, आरसा वळवला, डोळा लावला.

आणि किंचाळलो!

"किडे!"

किडे हो! थवेच्या थवे! काही गोल, काही कोपरे असलेले, चमकणारे, आणि सगळे थरथर थरथर नाचत होते! माझ्या अंगावर काटा आला. तुम्हाला सांगतो, भीती वाटली ती एका बाजूला, पण दुसऱ्या बाजूला असा आनंद झाला की काय सांगू! सापडले! माझ्या बापाचा पाय खाणारे सापडले!

विरभद्रअप्पांनी मला बाजूला सारलं आणि डोळा लावला. "आरं, हालायलेत की!"

"म्हणजे काय! जिवंत आहेत."

"पाय कुटं हायेत ह्यास्नी?"

"नाहीत."

"तोंड?"

"नाही."

"तोंड न्हाई तर खातेत कशानं?"

"अंगानं!" मी ठणकावून सांगितलं. कुठून सुचलं देव जाणे. पण मास्तरला उत्तर येत नाही असं कधी होतं का?

तोवर ओट्यासमोर निम्मं गाव जमलं होतं. विरभद्रअप्पा ताठ उभे राहिले. चेहरा लाल. गावासमोर त्यांच्या बारवेतून किडे निघाले होते.

"तुमच्या गावच्या पान्यात न्हाईत व्हय आसले?"

इथं, मंडळी, इथं शहाणा माणूस म्हणाला असता, बघावं लागेल. मी काय म्हणालो?

"मुळीच नाहीत!"

"बघितलंव का?"

"बघायची गरज नाही!"

"बरं!" अप्पांचा आवाज वेशीपर्यंत गेला. "उद्या आमच्या बारवेची घागर घेऊन तुमच्या दारात येतो. तुमचं बी पानी काढा. तुमच्यात किडा न्हाई निघाला तर आमी बारव बुजवतो. आन निघाला, तर सोयरीक मोडली समजा. आमच्या पान्याला नावं ठिवनाऱ्याची बहीन आमच्या घरात नको!"

घरी आलो. आई रडायला लागली. गिरजा रडली नाही. ती कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"दादा, मी इथं लहानपणापास्नं कोसभरावरून पानी वाहायलेय. मान मोडून गेली माजी. दाराला लागून पानी असलेलं घर मिळालं, आन त्यात तुला किडे दिसले?"

"तुझ्यासाठीच गेलो होतो!"

"माज्यासाठी? मग माज्यासाठी डोळा झाकायचा होता की जरा!"

आता हिला काय सांगायचं? सख्ख्या बहिणीला नारू होऊ नये म्हणून मी जिवाचं रान करत होतो, आणि बहीण मलाच कीड समजत होती.

शनिवारी शाळा बुडवली. सकाळी आंघोळ, पूजा, भस्म उरकून मी गुपचूप आमच्याच गावच्या पाण्याचा थेंब बघितला. तेच किडे! तसेच नाचणारे! मग सुचलं, उकळून बघू. आईच्या चुलीवर पाणी खळखळा उकळलं, निवू दिलं, थेंब घेतला, नाक टेकवून काच ठेवली, बघितलं. नाचतायत! उकळत्या पाण्यातून निघून नाचतायत!

एखादा असता तर त्याला शंका आली असती. मला अभिमान आला. उकळून न मरणारा किडा! सिद्दीकी साहेबांच्या पुस्तकातसुद्धा नसेल. माझ्या मनात आलं, याला नाव माझंच देतील.

दुपारी विरभद्रअप्पा आले. गाडीत तोंड बांधलेली घागर, बरोबर गावची चार जाणती माणसं, शिवाय बसायला जागा मिळाली म्हणून आलेले बरेच. आमच्या अंगणात जत्रा भरली. मी पहिला थेंब आमच्या पाण्याचा घेतला, कारण अप्पांनी तो मागितलाच. किडे.

"निघाले!" अप्पा ओरडले. "सोयरीक..."

"थांबा! तुमच्यातही आहेत!"

"हात तुमचा, काच तुमची! तुमच्या हातात काय हाय कुनाला ठाव? मी माज्या हातानं करतो!"

केलं त्यांनी. पूजा करूनच निघाले होते. कपाळावर माझ्यापेक्षा जाड पट्टे. आपल्या घागरीतला थेंब, आपल्या हातानं, वाकून, जपून काच ठेवली. डोळा लावला. मग मट्कन ओट्यावर बसले.

"हायेत," एवढंच म्हणाले.

काय सांगू तुम्हाला, त्या क्षणी मी जिंकलो होतो! वैऱ्यानं आपल्या हातानं पुरावा दिला होता! त्यांच्या चारही जाणत्यांनी एकेक काच केली. चौघांनाही किडे. कुणीतरी टरबूज फोडलं, त्याचं पाणी बघितलं. टरबुजात किडे! एक जण म्हणाला देवळातलं तीर्थ बघू, तेव्हा आई मधे पडली. "तीर्थाला हात लावशील तर घरात पाऊल ठिवू नको," म्हणाली. तीर्थ राहिलं.

पण बातमी अंगणाबाहेर गेली होती. बायका डोक्यावरच्या घागरी रस्त्यात ओतायला लागल्या. कोसभरावरून आणलेलं पाणी! मग त्याच बायका माझ्या दारात आल्या.

"मास्तर, मग आता प्यायचं काय?"

"फडक्यानं गाळून प्या."

"उकळून मरंनात, ते फडक्याला भेतेत व्हय?"

सोयरीक राहिली बाजूला, दोन्ही गावं तहानेनं मरायची वेळ आली. अप्पा डोकं धरून बसलेले, आई देवाला साकडं घालतेय, गिरजा दाराला टेकून माझ्याकडं बघतेय. आणि त्यातच दारात एक टांगा थांबला.

सिद्दीकी साहेब! डोक्यावर तुर्की टोपी, अंगावर धूळ, अत्तराचा वास आधी आणि साहेब नंतर. शनिवार अर्धा उलटला तरी पेटी मेजावर नाही म्हटल्यावर गाडीनं पिंगळीला उतरून थेट आले होते.

"अजी मास्टर, ये क्या तमाशा लगाए?"

मी सगळं सांगितलं. नावाचंही सुचवलं. साहेबांनी माझी काच खुर्दबिनीतून बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ये हिलते, मगर कहीं जाते नहीं. जो जिंदा है वो इधर से उधर जाएगा. ये सब अपनी जगो पे नाच रै."

मग त्यांनी त्याच घागरीतला थेंब घेतला, स्वतः काच केली, मला म्हणाले, देखो. बघितलं. स्वच्छ! एक किडा नाही! अप्पांनी बघितलं. स्वच्छ! मी तिथल्या तिथं माझ्या हातानं काच केली. किडे! साहेबांनी केली. स्वच्छ!

लोकांच्या माना इकडून तिकडं, तिकडून इकडं. आमचे एक म्हातारबा पुढं आले, हात जोडून म्हणाले, "आपल्या हातालाच येतेत, साहेबांच्या हाताला येईनात. शिवभक्त किडे हायेत ह्ये!"

"तसं काही नाही," मी म्हणालो. मी शिकलेला माणूस, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. "साहेबांच्या हाताला अत्तर आहे. अत्तरानं मरतात."

"उबाले तो नहीं मरते, अत्तर से मरते?" साहेब.

"मरतात!" मी म्हणालो. आता मागं हटायचं नाही असं ठरलंच होतं. तुम्ही हटला असता? बहिणीचं लग्न, बापाचा पाय, आणि दोन गावं समोर बसलेली!

तेवढ्यात गिरजा पुढं आली. हातात काचेची पट्टी. "दादा, हे एक शेवटचं बघ. थेंब मी टाकलाय. वरची काच तूच ठिव, माज्याकडनं फुटंल."

मी नाक टेकवून, श्वास रोखून काच ठेवली. खुर्दबिनीखाली सरकवली. बघितलं.

"आहेत!" मी गर्जलो. "तेच! फक्त हलत नाहीत. झोपलेत."

"झोपलेत?"

"निपचित पडलेत. दमले असतील."

"दादा," गिरजा म्हणाली, "त्यात पानीच न्हाई. कोरडी काच हाय ती."

मी पट्टी उचलून डोळ्यांजवळ धरली. खरंच कोरडी. मग गिरजानं आत जाऊन माझी शाळेची काळी पाटी आणली आणि माझ्या हनुवटीखाली धरली. "आता वाक बरं, मघाशी वाकला होता तसा."

वाकलो. पाटीवर पांढरी भुकटी पडली. भुरभुर, भुरभुर! माझ्या कपाळावरचं भस्म! सकाळी ओढलेल्या तीन पट्ट्यांतला खालचा तर नावाला उरला होता. काच ठेवायला वाकलं की भस्म थेंबात, वरून काच, आणि पाण्यात त्या कणांचा नाच! साहेबांच्या कपाळावर भस्म नव्हतं, म्हणून त्यांचं पाणी स्वच्छ. अप्पांनी स्वतःच पाटीवर मान धरली. त्यांच्याकडून तर माझ्या दुप्पट पडलं.

मग जो हशा झाला! त्या बायका! घागरी ओतलेल्या बायका हसत होत्या! अप्पा हसत होते, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! आई हसत होती! मी एकटा उभा.

"हसा!" मी ओरडलो. "हसा खुशाल! मी दिसलं ते सांगितलं! नसलेलं काही सांगितलं का? पाटीवर आहे ना ते? मग! आणि बारवेत किडा असतो म्हणजे असतो! माझा बाप लंगडत मेला तो काही भस्मानं नाही!"

हशा थांबला. हे सांगायचं नव्हतं, पण निघून गेलं.

सिद्दीकी साहेब पुढं आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मास्टर की बात सही है. एक कतरे में नहीं मिलेगा. पूरा घडा छानो, कपडे पे जो रहेगा वो देखेंगे." मग माझ्या कपाळाकडं बघून हळूच म्हणाले, "मगर आप पहले मुंह धो के आओ."

बघा हं! सगळं गाव माझ्या कपाळाकडं बघत होतं. मी तणतणत परसात गेलो. रांजणातलं पाणी घेतलं आणि कपाळ असं घासलं, असं घासलं, की भस्म काय, भुवयांचे केस निघायची वेळ आली. मनातल्या मनात साहेबांना, अप्पांना, गिरजाला आणि त्या पितळेच्या नळीला शिव्या देत होतो.

आणि अंगणातून ओरडा आला. "आला! आला!"

मी तसाच धावलो. डोक्यावरून पाणी निथळतंय, सदरा भिजलेला. खुर्दबिनीभोवती गर्दी. विरभद्रअप्पांची पूर्ण घागर गिरजानं धोतराच्या फडक्यातून गाळली होती, फडक्यावर राहिलेलं साहेबांनी काचेवर घेतलं होतं, आणि त्यात सापडला होता. खरा! जिवंत!

"सरका! मला बघू द्या!"

"लांब व्हा, मास्तर!" दोघांनी मला दंडाला धरून मागं ओढलं. "तोंडावरचं पानी पडंल काचंवर. आदी वाळा!"

आधी वाळा! मला! मी वाळत उभा राहिलो आणि सगळे एकेक करून बघत होते. अप्पांनी बघितला. त्या चार जाणत्यांनी बघितला. म्हातारबांनी बघितला. आमच्या आईनं बघितला! आई म्हणाली, "आगं माय, येकच डोळा हाय गं मधोमध!" गिरजानं बघितला आणि तिथून हलेचना. टांगेवाल्यानंसुद्धा बघितला! बायकांची रांग लागली.

मी वाळलो. रांगेच्या शेवटी गेलो. नंबर आला, डोळा लावला.

काळोख.

सूर्य लिंबाच्या मागं गेला होता. आरशात उजेड उरला नव्हता. आरसा इकडं वळवला, तिकडं वळवला, कंदील आणा म्हणालो. पण साहेबांची गाडी चुकत होती. त्यांनी काच पुसली. पुसली हो! माझ्यासमोर, रुमालानं! खुर्दबीन पेटीत, पेटी टांग्यात.

विरभद्रअप्पा माझ्याजवळ आले. आता त्यांचा चेहरा निराळाच होता.

"मास्तर, लय भारी किडा हाय वो! दोन बाजूला दोन पिशव्या, बाजारला निघाल्यावानी! आन काय उड्या मारायलाय! दावा बरं तुमच्या पान्यात आसला!"

म्हणजे कालपर्यंत बारवेत किडा म्हटलं की अपमान, आणि आज अभिमान! सोयरीक मोडायचं नाव कुणी काढलं नाही. गिरजानं मात्र दारातूनच विचारलं, "मामंजी, बारवेचं पानी गाळल्याबिगर घरात कुनी प्यायचं न्हाई. चालंल का?"

"चालंल, सूनबाई," अप्पा म्हणाले. "फडकं तुमीच धरा."

लग्न झालं. पंगतीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं. त्या घरात पुढं कुणाच्या पायाला चिंधी बांधलेली मी पाहिली नाही. याचं श्रेय मला मिळालं का? छे! आहेराचा फेटा बांधताना अप्पांनी तो पार माझ्या भुवयांपर्यंत ओढला आणि वाढप्यांना बजावलं की मास्तरला भांड्यावर वाकू देऊ नका. मी भस्म लावायचं सोडलं नाही. आजही बघा, तीन पट्टे आहेत, जाड आहेत. दोष असेल तर खुर्दबिनीचा, एवढं वाकायला लावते कशाला माणसाला?

पुढं वर्षानुवर्षं मी पोरांना तो किडा शिकवला. एक डोळा, दोन पिशव्या, टुणटुण उड्या, सगळं फळ्यावर काढून. परवा गिरजाकडं गेलो होतो, तिच्या नातवंडांना असाच रंगून सांगत होतो. धाकटा नातू डोळे मोठे करून म्हणाला, "आजोबा, तुमी सवता बघितला त्यो?"

मी घसा साफ केला, छाती काढली, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून गिरजाचा आवाज आला.

"त्यो कुटला बघतोय! त्यो तोंड धुवायला गेलता."